ए-लेव्हलला 'रिलिजन, फिलॉसॉफी अँड एथिक्स' घेऊ द्यावं का?

टेम्सकाठची

नमस्कार मंडळी. लेक इथे इंग्लंडमध्ये इयर ११ मध्ये आहे, उन्हाळ्यात जीसीएसई (सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा). सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलचा, अर्ज भरायचाय. मेडिसिनचं डोक्यात असल्यामुळे केमिस्ट्री आणि बायॉलॉजी नक्की. तिसरा विषय मॅथ्स हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण कॉलेजच्या ओपन इव्हनिंगला जाऊन आल्यापासून बाईसाहेबांनी 'आरपीई'चा धोशा लावलाय. म्हणजे रिलिजन, फिलॉसॉफी अँड एथिक्स. तिथे दयामरणावर अर्ध्या तासाचा नमुना तास झाला. तेव्हापासून जेवताना आम्हा दोघांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. नवऱ्याचं म्हणणं, देवाधर्माचं घरी फुकट शिकवतोच की, त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?

माझ्या शंका अशा. युनिव्हर्सिट्या या विषयाला मानतात का, की 'सोपा विषय घेतला' असं धरतात? नक्की शिकवतात काय? आणि एक पेपर ख्रिस्ती धर्माचा आहे म्हणे. आमच्याकडे गणपती, नवरात्र सगळं असतं. तिला तो पेपर जड जाईल का?

ज्यांच्या मुलांनी घेतलाय त्यांनी कृपया लिहा. भारतातल्या मंडळींचंही मत वाचायला आवडेल.

पावशेर_शहाणपण

रुमाल टाकून ठेवतो. सत्यनारायणाची कथा तोंडपाठ असेल तर निम्मे मार्क तिथेच पडत असतील, असा अंदाज.

अडाणी_वकील

पावशेर, आमच्या चिरंजीवांचाही तोच अंदाज होता. जीसीएसईला आरएसमध्ये (रिलिजस स्टडीज, म्हणजे हाच विषय) ९ ही सर्वोच्च श्रेणी मिळालेली, त्यामुळे स्वारी हवेत. ए-लेव्हलच्या पहिल्या निबंधाला डी. त्याने प्लेटोच्या गुहेची गोष्ट इतकी रंगवून सांगितली होती की मीही खूश झालो होतो. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं: 'गोष्ट छान. तुझं म्हणणं काय?' आता तो लॉ करतोय.

टेम्सकाठची, प्रवेशाचं सांगतो. रसेल ग्रुप या नामवंत विद्यापीठांच्या गटाची 'फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स' नावाची एक यादी होती, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, इंग्रजी वाङ्मय, भाषा अशी. त्यात आरएस नव्हता, म्हणून आपल्या लोकांनी त्या काळात या विषयाची धास्ती घेतली. ती यादी २०१९ मध्ये रद्द झाली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ती अजून फिरत असते, गेल्याच महिन्यात मला कुणीतरी पाठवली. लॉ, हिस्टरी, पीपीई (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स), इंग्लिश यांना हा विषय उत्तम चालतो. लॉसाठी तर ठरावीक ए-लेव्हल लागतच नाही, एलनॅट ही लॉची प्रवेश परीक्षा मागणाऱ्या कॉलेजांना तिथलं लिखाण बघायचं असतं.

मेडिसिनचं वेगळं. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना केमिस्ट्री-बायॉलॉजी पुरतं आणि तिसरा विषय कुठलाही चालतो. काहींना मात्र तिसरंही विज्ञान किंवा गणितच हवं असतं. ज्या चार जागी अर्ज करायचाय त्यांची पानं आत्ताच उघडून वाचा. दुसऱ्याच्या मुलाचा अनुभव इथे उपयोगाचा नाही, माझ्यासकट.

खडूफळा

इंग्लंडमधल्या एका शाळेत हाच विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

सर्टिफिकेटवर 'रिलिजस स्टडीज' असंच छापून येतं. आरपीई, फिलॉसॉफी अँड एथिक्स वगैरे नावं शाळा आपल्या माहितीपत्रकात देतात, कारण 'रिलिजस' वाचलं की सोळा वर्षांची मुलं पुढचं पान उलटतात. 'फिलॉसॉफी' नावाचा स्वतंत्र ए-लेव्हलही आहे, एक्यूए बोर्डाचा. त्यात ज्ञान म्हणजे काय, मन आणि शरीर, ही प्रकरणं मोठी आहेत. पण तो मोजक्याच ठिकाणी शिकवतात.

बोर्ड कुठलं हे आधी विचारा. ओसीआर असेल तर तीन पेपर, प्रत्येकी दोन तास आणि १२० मार्क. पहिला धर्माचं तत्त्वज्ञान, दुसरा नीतिशास्त्र, तिसरा एका धर्मातल्या विचारांचा. प्रत्येक पेपरात चार प्रश्न येतात, तीन सोडवायचे, प्रत्येक निबंध ४० मार्कांचा. कोर्सवर्क नाही, बहुपर्यायी प्रश्न नाहीत. दोन वर्षांचं सगळं त्या सहा तासांत. एक्यूएचे दोन पेपर, तीन-तीन तासांचे, पण बरेचसे प्रश्न १० आणि १५ मार्कांत फोडलेले असतात. सलग लिहिण्याचा ज्याला धाक वाटतो त्याला ते बरं पडतं. बोर्ड शाळा ठरवते, आपल्या हातात काही नाही.

आता शिकवतात काय. पहिल्या पेपरात प्लेटो-ॲरिस्टॉटलपासून सुरुवात, मग ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद. विल्यम पेलीने १८०२ मध्ये मांडलेलं घड्याळाचं उदाहरण बहुतेक मुलं जीसीएसईला शिकून येतात: माळावर घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी घडवलंय असंच म्हणाल ना, मग जगाचं काय? त्यावर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचे आक्षेप येतात. आणि दरवर्षी कुणीतरी लिहितंच, 'ह्यूमने पेलीला सडेतोड उत्तर दिलं.' ह्यूम १७७६ मध्ये वारला, त्याचे संवाद १७७९ मध्ये छापून आले. पेलीचं पुस्तक यायला तेव्हा तेवीस वर्षं अवकाश होता. हे कळल्यावर हुशार मुलांना खरा प्रश्न सुचतो: आक्षेप छापून आलेले असताना पेलीने तेच का मांडलं? तिथून निबंध सुरू झाला तर वाचायला मजा येते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो आन्सेल्म. अकराव्या शतकातला संन्यासी. तो म्हणतो, ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. असा ईश्वर नुसता मनात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर प्रत्यक्षात असलेला त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो आहेच. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. सगळ्यांना वाटतं कुठेतरी फसवणूक आहे, पण बोट ठेवता येत नाही. मग गॉनिलो नावाच्या त्याच्याच काळातल्या दुसऱ्या संन्याशाचं उत्तर येतं: या हिशेबाने जगातलं सर्वोत्तम बेटही असलंच पाहिजे, दाखवा कुठे आहे ते. मुलं हसतात, सुटलो म्हणतात. त्यावर मी विचारते, बेट आणखी एक नारळाचं झाड लावून सुधारता येतं, मग 'सर्वोत्तम बेट' या म्हणण्याला अर्थ आहे का? परत शांतता.

मार्क कसे पडतात ते नीट समजून घ्या, कारण आपल्या घरांतली मुलं इथेच अडकतात. ४० पैकी १६ मार्क माहितीला, २४ युक्तिवादाला. समजा प्रश्न तेराव्या शतकातल्या ॲक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकावर आहे. एकीने लिहिलं: 'ॲक्वायनसने पाच मार्ग सांगितले. पहिला गतीचा, दुसरा कारणाचा, तिसरा…' सगळं बरोबर, अक्षर सुंदर, पान भरलेलं. दुसरीने लिहिलं: 'ॲक्वायनसचा तिसरा मार्ग एका अटीवर पटतो. विश्वाला कारण असलंच पाहिजे हे आधी मान्य केलं तर. बर्ट्रंड रसेलने १९४८ च्या बीबीसीवरच्या वादात नेमकी तीच अट नाकारली. पण ती नाकारली तर विज्ञानातही कारण शोधणं कुठे थांबवायचं, हे त्याने सांगितलेलं नाही.' हिने पाच मार्ग सांगितलेलेही नाहीत. मार्क हिला जास्त. पाठांतर वाया जात नाही, पण ते १६ पलीकडे नेत नाही.

दुसऱ्या पेपरात ॲक्वायनसचा नैसर्गिक नियम, कर्तव्य आणि स्वायत्तता मानणारा कांट, जास्तीत जास्त लोकांचं भलं बघणारा उपयुक्ततावाद, जोसेफ फ्लेचरची परिस्थितीनुसार नीती आणि त्यांचं उपयोजन: दयामरण, धंद्यातली नीती, लैंगिक नीती. तुमच्या लेकीला पकडलंय ते याने.

ख्रिस्ती धर्माच्या पेपरची भीती नको. त्यात श्रद्धा तपासत नाहीत. ऑगस्टीनचं मानवी स्वभावाविषयीचं मत, नाझींच्या विरोधात उभा राहून एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेला जर्मन पाद्री बॉनहोफर, मुक्तिवादी धर्मविचार आणि मार्क्स, स्त्रियांचं स्थान, फ्रॉइड आणि डॉकिन्सचे हल्ले, असं सगळं आहे. माझ्या वर्गात मुसलमान मुली आहेत, नास्तिक आहेत, एक पाद्र्याचा मुलगा आहे. त्या पाद्र्याच्या मुलाला सुरुवातीला सगळ्यात जड गेलं, कारण त्याला प्रत्येक आक्षेप घरावरचा वाटायचा.

नाना_नगरकर

खडूफळाताई, लिहिलंत छान. पण मन खट्टू झालं. आपली पोर लंडनात बसून ॲक्वायनस घोकणार आणि उदयनाचार्यांचं नावही तिला ठाऊक नसणार! न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद ॲक्वायनसच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी मांडलेत. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे. तुमच्या पेलीचं घड्याळ यापुढे काय वेगळं सांगतं? आणि त्याला खोडायला बौद्ध होते, जैन होते. मीमांसक तर वेद प्रमाण मानूनही जगत्कर्ता मानत नाहीत. म्हणजे देव न मानणारे कर्मठ! असली गंमत तुमच्या अभ्यासक्रमात आहे का? पोरीला तिसरा विषय घ्यायचाच असेल तर गणित घेऊ द्या, दर्शनं घरी शिकवा.

पावशेर_शहाणपण

नाना, शिकवणार कोण? तिचा बाप?

खडूफळा

नाना, मुद्दा मान्य आणि गंमत तर फारच मान्य. ओसीआरच्या तिसऱ्या पेपरात पाच पर्याय आहेत: ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, बौद्ध आणि हिंदू. हिंदू विचारांचा पेपर कागदावर आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळा ख्रिस्ती घेतात, कारण शिकवणारे त्यातलेच असतात, पाठ्यपुस्तकं त्याचीच भरपूर आणि एका मुलीसाठी शाळा वेगळा तास लावत नाही. यात कुणाचा कट नाही. अद्वैत आणि विशिष्टाद्वैत यांतला फरक सतरा वर्षांच्या मुलांना समजावून सांगेल असा शिक्षक इंग्लंडमधल्या सरकारी शाळेला मिळवून दाखवा, मी माझ्या हेडना उद्या विचारते.

पहिल्या पेपरात मात्र उदयन वापरायला कुणाची आडकाठी नाही. फक्त 'आमच्याकडे हे आधीच होतं' एवढ्यापुरता आणला तर शून्य मार्क. कार्य म्हणजे काय, पर्वत हे 'कार्य' आहे हे कशावरून, हा जो बौद्धांचा आणि मीमांसकांचा आक्षेप आहे, तो ह्यूमच्या शेजारी ठेवला तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसेल.

तर्कटराव

भारतातून लिहितोय. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला तर्कशास्त्र शिकवतो. आपल्याकडे हे विषय नाहीत असा समज दिसतोय, तो दूर करतो. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीला कला शाखेत तत्त्वज्ञान आहे आणि तर्कशास्त्र वेगळं आहे. तर्कशास्त्राला पोरं येतात, कारण सत्यता कोष्टक जमलं की मार्क खिशात. गणितासारखे पैकीच्या पैकी पडतात. तत्त्वज्ञानाकडे फिरकणारे थोडे. पालक विचारतात, 'सर, याचं पुढे काय?' सायन्सला गेलेल्या पोराच्या वाटेला यातलं काहीच सहसा येत नाही. तुमच्या लेकीला केमिस्ट्री-बायोच्या शेजारी कांट ठेवता येतोय, हे आमच्याकडच्या पोरांना अजून नवलच.

आणि गंमत ऐका. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून एथिक्सचा अख्खा पेपर आहे, २५० मार्कांचा. तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषयही आहे. म्हणजे सतराव्या वर्षी ज्याला 'याचं पुढे काय' म्हणून रोखलं, तोच पोरगा पंचविशीत पुण्याच्या पेठेत खोली घेऊन फी भरून कांट आणि बेंथम शिकतो, तेही दोन-दोन पानांच्या नोट्समधून. सतराव्या वर्षी डोकं रिकामं असतं, भांडायला वेळ असतो. तेव्हाच द्यायला हवा होता हा विषय.

'धर्म' हा विषय म्हणून मात्र आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती शिकवायला त्याची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलं. पण 'विषयी' शिकवणारा शिक्षक तयार कुठे होतो? आणि गावात रोज एका तरी पालकाचा फोन येईल त्याला.

खान्देशी_ठेचा

तर्कटराव +१. आमच्या अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातले अभ्यासक तिथे राहून गेले. आज गावातल्या पोराला विचारा, तो आधी मंगळग्रहाच्या मंदिराचा रस्ता सांगेल.

मांडवी_काठची

गोव्यातल्या आमच्या शाळेत कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) जायची, उरलेल्यांना मॉरल सायन्स. मॉरल सायन्स म्हणजे खरं बोला, रांगेत उभे राहा, आणि सिस्टर आल्या नाहीत तर गणिताचा जादा तास. आम्हाला कायम वाटायचं की पलीकडच्या वर्गात काहीतरी भारी चाललंय. पलीकडच्यांनाही तेच वाटत होतं, हे मोठेपणी कळलं. दोन्ही वर्गांत प्रश्न विचारायची मुभा नव्हती. घेऊ द्या हो मुलीला.

पॅरिसची_पोळी

इथे उलट. फ्रान्सच्या बहुतेक सरकारी शाळांत धर्म हा विषय नाही, पण शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान व्यावसायिक शाखा सोडून सगळ्यांना, विज्ञानवाल्यांनाही. बॅकचा, म्हणजे शालान्त परीक्षेचा, तो पेपर चार तासांचा. त्या दिवशीचे प्रश्न बातम्यांत सांगतात आणि बेकरीच्या रांगेत त्यावर वाद होतात. माझ्या मुलाला त्यात जेमतेम मार्क पडले, तरी घरात अजून तो स्पिनोझाच्या नावाने ताट घासायचं टाळतो.

रात्रपाळी

एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) डॉक्टर आहे, एमबीबीएस मुंबईचं. मेडिसिनला जायचं असेल तर या विषयाचा फायदाच होईल. मुलाखतीत नीतीचे प्रश्न हमखास असतात. मुलं चार तत्त्वं पाठ करून येतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अपाय टाळणं, न्याय. बीचम (Beauchamp) आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली. पाठ केलेलं लगेच कळतं, कारण दोन तत्त्वं एकमेकांच्या आड आली की पोरगं गप्प होतं.

लेकीला दयामरणात रस आहे म्हणून सांगते. इथे तिला टोनी ब्लँडचं प्रकरण शिकवतील. १९८९ च्या हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर बेशुद्धावस्थेत गेलेला तरुण, १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) निकालानंतर त्याचं नळीवाटे अन्न थांबवलं. त्याच्या शेजारी तिला परिचारिका अरुणा शानबागचं प्रकरण ठेवायला सांगा. १९७३ मध्ये केईएममध्ये हल्ला झाला, २०१५ मध्ये तिचा मृत्यू. चाळीसहून जास्त वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिचं सगळं केलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाचा अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकाराचा नाही, रोज तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या माणसांचा, अशी भूमिका घेतली. आणि त्याच निकालाने उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः उघडला. कांटवाल्याने म्हणावं, तिची स्वायत्तता कुणी विचारली? उपयुक्ततावाद्याने म्हणावं, एक खाट एवढी वर्षं. आणि त्या परिचारिका दोघांचंही न ऐकता तिला भरवत राहिल्या. यावर सोळा वर्षांच्या मुलीला काय वाटतं, ते मला खरंच वाचायला आवडेल.

मिरजमळा

चर्चा दयामरणावर आलीच आहे तर आमची बाजू. इकडे कुणी सल्लेखना (हळूहळू अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं जैन व्रत) घेतली की बातमीदार 'जैनांचं इच्छामरण' असं ठोकून देतात. माझ्या आजेसासूबाई आचार्य शांतिसागर महाराज या दिगंबर जैन मुनींचं सांगायच्या. सप्टेंबर १९५५ मध्ये कुंथलगिरीला महाराजांची सल्लेखना झाली, तेव्हा गावंच्या गावं बैलगाड्यांनी गेली होती. महाराजांची दृष्टी अधू झाली होती, समोरचा जीवजंतू दिसेना, मग अहिंसा पाळायची कशी, हा प्रश्न होता.

तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितलेत, म्हणजे ज्यांनी व्रताला डाग लागतो ते दोष. पहिला जीविताशंसा, जगण्याची आस. दुसरा मरणाशंसा, मरणाची आस. मरावंसं वाटणं हाच दोष असेल, तर याला इच्छामरण म्हणायचं कसं? मुलीच्या बाईंना विचारा.

अडाणी_वकील

मिरजमळा, सूत्र माहीत नव्हतं, आभार. पण न्यायालयासमोर पेच हाच होता. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न असं धरलं, महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माणसाच्या मनात मरणाची आस आहे की नाही, हे पोलिसाने कुठल्या पंचनाम्यात लिहायचं? अन्न सोडलेली म्हातारी बाहेरून सारखीच दिसते. व्रत घेतलेली असो, खचलेली असो, नाहीतर घरच्यांनी गुपचूप भरीस घातलेली असो. कायद्याला तिसरीची काळजी करावीच लागते.

नाना_नगरकर

विनोबांना विसरलात. नोव्हेंबर १९८२, पवनार. सत्त्याऐंशी वर्षांचे. हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि आठवड्याभरात देह ठेवला. कुणी त्याला आत्महत्या म्हटलं नाही, पंतप्रधान भेटून गेल्या. तेच एखाद्या शेतमजूर म्हाताऱ्याने केलं असतं तर सलाईन लावून बांधून ठेवला असता. वकीलसाहेब, तुमचा पंचनामा माणूस बघून होतो.

अडाणी_वकील

नाना, यावर माझ्याकडे उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने उपचार थांबवण्याविषयी आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण ते कागद करतात ती विनोबांच्या बाजूची माणसं, तुमच्या शेतमजुराच्या बाजूची नव्हेत.

खडूफळा

मिरजमळा, तुमचा प्रश्न माझ्या वर्गात उद्या जाणार. ॲक्वायनसच्या परंपरेत 'दुहेरी परिणाम' नावाचं तत्त्व आहे. वेदना कमी करायला मॉर्फिन दिलं आणि त्याने आयुष्य आखूड झालं, तर मृत्यू आधी दिसत होता पण हेतू तो नव्हता, म्हणून कृती चालते. मुलांना हे नेहमी पळवाट वाटतं. पण मरणाशंसा आणि जीविताशंसा दोन्ही दोष, हे त्याहून कडक आहे. ॲक्वायनसला जगण्याची ओढ हवीच आहे, जीव राखणं हा त्याच्या नैसर्गिक नियमातल्या मूळ आदेशांपैकी एक. तुमच्या सूत्रात तीही सोडायची. म्हणजे हेतूविषयी दोघांचं थोडंफार जुळतं आणि जगण्याच्या किमतीविषयी सपशेल फाटतं.

टेम्सकाठची, लेकीने उद्या निबंधात हे वापरायचं ठरवलं तर दोन ओळींत सल्लेखना सांगायची, महाराजांचं चरित्र नको. मग लगेच वकीलसाहेबांचा आक्षेप घ्यायचा: हेतू बाहेरून दिसत नसेल तर हेतूवर उभी असलेली नीती कायद्याच्या कामाची आहे का? आणि त्यावर स्वतःचं उत्तर. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असा शेवट केला तर मार्क जातात. बाजू घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये तर हा विषय सध्या तापलेलाच आहे. जून २०२५ मध्ये मरणासन्न प्रौढांना मरणासाठी मदत देण्याचं विधेयक संसदेच्या कॉमन्स सभागृहाने थोड्या मतांनी मंजूर करून लॉर्ड्स सभागृहाकडे पाठवलं, त्या वेळची दोन्ही बाजूंची भाषणं तिला वाचायला द्या.

टेम्सकाठची

बाप रे, दोन दिवस आले नाही तर केवढी चर्चा! सगळ्यांचे आभार. धागा लेकीला वाचून दाखवला, मधले शब्द समजावता समजावता माझाच अभ्यास झाला. रात्रपाळी, तिचं म्हणणं असं, की त्या परिचारिकांनी केलं ते कौतुकाचं, पण 'आम्हाला तिची सवय झालीय' आणि 'हे तिच्या भल्याचं आहे' यांत फरक आहे, आणि न्यायालयाने तो विचारायला हवा होता. मला हे फार कठोर वाटलं. तिचे बाबा म्हणाले बरोबर आहे. मग आमचंच जुंपलं.

चौकशी केली. बोर्ड ओसीआर, तिसरा पेपर ख्रिस्ती. वकीलसाहेब म्हणाले तशी चारही मेडिकल स्कूल्सची पानं उघडली. तिघांना तिसरा विषय कुठलाही चालतो, एकीला गणित किंवा विज्ञान हवंय. आमचं कॉलेज सुरुवातीला चार विषय घेऊ देतं आणि ऑक्टोबरच्या हाफ टर्मपर्यंत एक सोडता येतो. त्यामुळे मॅथ्स आणि आरपीई दोन्ही भरलेत. नवरा अजून म्हणतोय की आरपीईच सुटेल. लेक म्हणतेय, पैज.

खडूफळाताई, उन्हाळ्यात तिने काय वाचावं?

खडूफळा

जाड पुस्तकं नकोत. बोर्डाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यासोबत परीक्षकांचे अहवाल असतात. अहवाल आधी वाचू दे. कुठे मार्क गेले ते परीक्षक अगदी रोखठोक लिहितात. मग एक प्रश्न निवडून चाळीस मिनिटांत हाताने लिहायला लावा. टाइप करणं नको. पहिल्यांदा हात दुखतो आणि निम्मंच होतं, ते ठीक आहे.

नाना_नगरकर

ताई, त्या हिंदू विचारांच्या पेपराची लिंक मलाही पाठवा. बघू तरी काय विचारतात.

खडूफळा

व्यनि केलाय, नाना. दोन तास, तीन निबंध, घड्याळ लावून. फोटो काढून पाठवा, तपासते. आणि 'आमच्याकडे हे आधीच होतं' लिहिलंत तर मार्क कापणार.

पावशेर_शहाणपण

नानांचा निकाल इथेच जाहीर करावा ही विनंती. पॉपकॉर्न आणून ठेवलेत.